डोकं हललं होतं

८ नोव्हेंबर, शनिवार

नाक फुगून बटाटा झालंय! हँडबॉलची सेमीफायनल जिंकलो. घरात माझी आरती ओवाळायचीच बाकी आहे. आईनं हळदीचं दूध दिलं, पप्पांनी अख्ख्या सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला — ‘शूर पोर’.

शूर म्हणे!

इथं तरी खरं लिहिते. सतरा-सतरा, शेवटची काही मिनिटं, आणि पेठच्या क्लबला सात मीटरची पेनल्टी मिळाली. समोर फक्त त्यांची चैताली आणि गोलमध्ये मी. तिच्यासारखा हात अख्ख्या विभागात कुणाचा नाही. मी अंदाजानं डावीकडे मान झोकली आणि चेंडू थाडकन नाकावर! गोलकीपर स्थिर असताना डोक्याला लागला तर फेकणारीला लाल कार्ड, सरळ बाहेर. गोलकीपरनंच डोकं चेंडूकडे नेलं तर तिचा काही दोष नाही. पंच तिचा पाय रेषेवर पडतो का ते बघत होते. मला येऊन विचारलं, “डोकं हललं होतं?”

मी रक्त पुसत म्हटलं, “नाही सर.”

बाहेर जाताना ती वळून वळून माझ्याकडे बघत होती. रागानं असतं तर बरं झालं असतं. ती गेल्यावर आम्ही तीन गोलनी जिंकलो.

९ नोव्हेंबर, रविवार

फायनल हरलो. बेस्ट गोलकीपरचा कप मात्र मला! आईनं टीव्हीशेजारी ठेवलाय. मी त्याच्याकडे पाठ करून जेवले.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज चैताली दारात! पेठहून एसटीनं आली, नागलीचे पापड घेऊन. “ताई, लय लागलं का?” मी कोण मोठी लागून गेले!

“देवाशप्पथ, कोपऱ्यातच मारला होता ताई. हातच वळला असंल.” सारखी स्वतःच्या हाताकडे बघत होती. आता चेंडू घेतला की भेव वाटतं म्हणाली. तिचा बाप म्हणतो, दुसऱ्याच्या लेकीचं तोंड फोडायचा खेळ नको. तेवीसला जिल्ह्याच्या संघाची ट्रायल आहे, ती येणार नाही.

आई म्हणाली, “अगं असू दे, खेळात चालायचंच!” आणि मी पापडांची पिशवी धरून उभी. सीबीएस स्टँडपर्यंत सोडायला गेले, म्हटलं रस्त्यात सांगू. रस्ताभर थंडीच्या गप्पा मारल्या. निर्लज्ज!

१३ नोव्हेंबर, गुरुवार

आईनं पापड भाजले. पोट बिघडलंय म्हटलं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

प्रॅक्टिसनंतर कोच गोरक्ष सरांना सांगायला गेले. अर्धंच ऐकलं त्यांनी. “पंचांनी निर्णय दिला, विषय संपला योगिनी. आता हे मला कशाला सांगतेस?” खरंच, त्यांना कशाला सांगत होते मी? तिथं सांगितलं की सुटले, असं वाटत होतं. जिला सांगायचं तिला तोंड दाखवायची हिंमत नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

तिला फोन लावला. बापानं उचलला. चैताली दिंडोरीला गेलीय, द्राक्षाच्या कामावर. मग विचारलं, “तू ती नाक फुटल्याली पोर का? माफ कर गं माय. आमची पोर वाईट नाय.”

मला माफी! मी फोन कट केला. पळपुटी आहे मी, दुसरा शब्द नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

कॉलेज बुडवून दिंडोरी. विचारत विचारत बाग सापडली. वेलींच्या मांडवाखाली ती हात वर करून घड विरळत होती. मला बघून हसली! एका दमात सांगून टाकलं — माझं डोकं हललं होतं, मीच मान झोकली, पंचांशी खोटं बोलले. शिवी दे, थोबाडीत मार.

तिनं हात खाली घेतले. मग म्हणाली, “म्हंजे माझा नेम चुकला नव्हता?”

“नाही.”

“कोपऱ्यातच चालला होता?”

“कोपऱ्यातच.”

तिनं परत एकदा विचारलं. मग खाली बसली आणि हमसून हमसून रडली. बाया काम सोडून बघायला लागल्या. तिनं डोळे पुसले, बापाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. “तूच सांग.” सांगितलं. सगळ्यांसमोर. पलीकडून एवढंच — “आमी पोरीला नाय नाय ते बोललो.”

निघताना ट्रायलचं विचारलं. ती परत मांडवात कामाला गेली. बसमध्ये मी तोंडावर ओढणी घेऊन बसले.

२३ नोव्हेंबर, रविवार

ती आली! बाप सोबत होता. निवड झाली — तिची. माझं नाव राखीवमध्येही नाही, आणि तक्रार करायला तोंडही नाही. सात मीटरला पुन्हा तीच समोर होती. शिट्टी वाजली आणि मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं! कोर्टभर हशा. चेंडू आलाच नाही. बोटांच्या फटीतून बघितलं — ती थांबली होती, मग अलगद माझ्या डोक्यावरून टाकला. गोल. जाळीतून चेंडू घेताना हळूच म्हणाली, “ताई, तुझं डोकं कुठं जातं ते आता ठाऊक हाय मला.”