हिरव्या गाडीची पाच चाकं

१५ एप्रिल १९६३, अमरावती
कालच्या जयंतीच्या मिरवणुकीत ओरडून घसा पार बसला. बरंच झालं, आज लिहायचंच आहे. गाडी आपली झाली! अकोल्याच्या जिनिंगमधली हिरवी स्पोर्टगाडी. दोन शिटा, वर छप्पर नाही, बॉनेटला चामडी पट्टा. जिनिंगचा गोरा साहेब मायदेशी गेल्यापासून शेडमध्ये विटांवर उभी होती. इंजिन फिरतं, स्वतः पाहिलं. टायर पाचही गेलेले. बोट लावलं तर रबराचा भुगा.
बाला अजून सांगितलं नाही. माझ्या बापानं साहेबाकडे आठ वर्षं हीच गाडी धुतली आहे.

१८ एप्रिल
ट्रकवरून गाडी आली. राजापेठेत अर्धी गल्ली गोळा. बा आधी बाहेर आलाच नाही. मग ओलं फडकं घेऊन आला आणि कोणाशी न बोलता पुढचं डावं चाक पुसायला बसला. तारेच्या काड्यांचं चाक. एकेक काडी, खालून वर.
"एका चाकाले अठ्ठेचाळीस." एवढंच बोलला.
बायको, कमल, म्हणाली, "शिटा दोन, घरात माणसं चार. बसणार कोण?" आमची बेबी चार वर्षांची, ती तेवढी बसून मोकळी झाली.

२३ एप्रिल
टायर, टायर, टायर. चार दुकानं पालथी घातली. चाक एकोणीस इंची, अरुंद. दुकानदार म्हणे, "असा माल आता येत नाही साहेब. एकोणीस इंचीत फटफटीचा आहे. लावता?" सगळे हसले. फटफटीचा टायर गाडीचं वजन कुठून घेणार? परदेशातून मागवायचं तर परमिट. ते येईपर्यंत मी रिटायर.
मी रस्त्यांचा ओव्हरसियर. हिवाळ्यात डांबरावर मिरवायला गाडी घेतली नाही, कामावर न्यायला घेतली. मे महिन्यात डांबर पाघळतं, आषाढात काळी माती बुटाचा तळ ओढून घेते. दोन्हीत चालेल असं चाक पाहिजे. डोक्यात दुसरं काही शिरत नाही.

२८ एप्रिल, रवि.
भंगारात जीपचं चाक मिळालं! सोळा इंची, पत्र्याचं, भरीव. टायर कुठंही मिळतो. मिरवत घरी आणलं.
बा: "हे टोपलं काहून आणलं?"
"काड्यांत चिखलाचा गारा भरते, बा."
"मले सांगतं काय तू?"
मग सांगत बसला. पावसाळ्यात साहेब मूर्तिजापूरहून आला की चाकाचं जातं झालेलं असायचं. मग हा बाभळीच्या काडीनं गारा उकरायचा, एकेका चाकाला घंटाभर. "आत बसाची मनाई. सीट पुसाची तं हात लांब करून. पाय बाहीर."
आठ वर्षं. मी तेव्हा बोर्डिंगात शिकत होतो, मला कधी बोललाच नाही. मला राग आला. कोणाचा, ते... तो मात्र शांत. "चाकाचा काय दोष? हे काढून टाकशीन तं गाडीत ऱ्हाईन काय?"
जीपचं चाक गाडीशेजारी उभं करून पाहिलं. टोपलंच दिसतं.

५ मे, रवि., अकोला
तोड बानंच काढली. यष्टीच्या टपावर एक जुनं चाक, एक जीपचं. खाली आम्ही दोघं. जुन्या शहरात करीम मिस्त्री, सायकलींची चाकं बांधतो. साहेबाच्या गाडीच्या तुटलेल्या काड्या हाच बदलायचा. बाला पाहून उठलाच. "पुंडलिक! वो हरी गाडी अब्भी जिंदा है?"
दोन्ही चाकं आडवी टाकून बघत बसला. बिडी हातात विझली. मग जुन्या चाकावर बोट ठेवून म्हणाला, "बीच का हब इसका, रिंग जीप की. काडी काट के नये आटे पाड देता."
मी उडीच मारली असती! काड्यांची टोकं ट्यूबला टोचू नयेत म्हणून आतून रबरी पट्टा लावायचा. टेपनं मोजलं. रिंग लहान पण टायर जाड, म्हणून चाकाची उंची जवळपास तीच येते.
बा म्हणे, "पाह्य!" जसं काही त्यानंच जमवलं. जमवलं त्यानंच.

१४ मे, शेंदूरजनाघाट
आता टायरवरची नक्षी. दोन नमुने उसने आणले. एक ठोकळ्यांचा, एक लांब रेघांचा. संत्र्याच्या बागेत पाणी सोडलेलं होतं, तिथं दोन्ही हातानं लोळवले. रेघांचा दहा पावलांत गुळगुळीत, नुसता मातीचा गोळा. ठोकळ्यांचा फिरता फिरता माती फेकतो. मग दु. २ वा. डांबरावर. ठोकळ्यांत खडी आणि डांबर, रेघांचा साफ.
बागवाला पाहत होता. "साहेब, आता खात्यात टायर लोळवाचं काम देते काय?"
हसू दे. ठरलं! मागं ठोकळे, ओढायला. पुढं रेघा, वळायला. हात कोपरापर्यंत काळे, डोकं उन्हानं ठणकतंय, आणि मी शीळ घालत होतो.

२ जून, रवि.
चाकं चढली. मागचं डावं मडगार्डाला घासत होतं. बानं लाकूड धरून हातोडीच्या चार ठोक्यांत पत्रा बाहेर काढला. बडनेऱ्यापर्यंत गेलो आणि आलो. वारा असा की डोळ्यांतून पाणी. डांबरावर मागचे ठोकळे भुंग्यासारखे गुणगुणतात. कमल शेजारी, बेबी तिच्या मांडीवर. क. आधी "हळू हाका," म्हणाली. परत येताना म्हणाली, "एवढंच पळते काय?"
बा आला नाही. "मले पुसता येते. बसनं तुमचं."

१९ जुलै
चार दिवस पावसाची झड. कच्च्या रस्त्यावर ट्रक रुतलेला, मागं दोन बैलगाड्या खोळंबलेल्या. गाडी आणि मी बाजूच्या गाऱ्यातून निघालो! मागच्या चाकांनी असं ओढलं की ट्रकवाला टाळ्या वाजवायला लागला. पण पुढच्या काड्यांत माती गच्च. घरी येईपर्यंत स्टेरिंग हातात थरथरत होतं.
बा बाभळीची काडी घेऊन हजर. मी हिसकावली. "मी काढतो. तू आत बस, ब्रेक धर. सांगितलं की सोडजो, चाक फिरू दे." अंगण उताराचं, हँडब्रेक ओला. घाईघाईत बसला.
दोन चाकं झाल्यावर लक्षात आलं. त्याच्या आणि माझ्या, बहुतेक एकदमच. पाय आत, दोन्ही हात स्टेरिंगवर. मी मान वर केली नाही, उकरत राहिलो.
"सोडू काय?" त्यानं विचारलं.
"सोड."
चारही चाकं झाली तरी उतरला नाही. क.नं चहा तिथंच नेऊन दिला.

११ ऑगस्ट
बा रोज संध्याकाळी अर्धा तास गाडीत बसतो. क्लच दाबतो, गिअर टाकतो. गाडी उभीच.

२ सप्टेंबर, अकोला
मागच्या उजव्या चाकाच्या तीन काड्या सैल. करीम मिस्त्रीनं एकेका काडीवर पान्यानं टिचकी मारून कान लावला. "ये गा रही है, ये रो रही है." रडणाऱ्या आवळल्या. "अब नागपूर तक जाव, बिनधास."
बानं ते "नागपूर" पकडलं. येताना यष्टीत मैलाचे दगड मोजत होता.

२५ सप्टेंबर
परवा दसरा. उद्या सकाळी निघायचं, नागपूर, दीक्षाभूमी. छप्पन साली रेल्वेच्या दाराला लटकून गेलो होतो, बा आणि मी. या खेपेला गाडीतून! क. आणि बेबी यष्टीनं येतील. क. म्हणाली, "वापस येताना मी गाडीत. तुमी अन् बा यष्टीनं." गाडी मग कोण चालवील? "ते तिथं पाहू." हसत होती, पण सांगता येत नाही.
पाचव्या चाकावरून भांडण. पुढं रेघा, मागं ठोकळे, मग जादा चाक कोणतं? मी ठोकळे म्हणतो, पाऊस अजून गेलेला नाही. बा म्हणतो रेघा, सारा रस्ता डांबराचा. दोन्ही टायर भिंतीला टेकून उभे आहेत. तोडगा नाही.
दिवेलागणीला बा समोरची काच पुसत होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "रस्ता मोकळा असन तिथं थोडं मले देशीन काय? स्टेरिंग."
लायसन नाही. वय बासष्ट. आणि मी सरकारी नोकर.
"पाहू," म्हणालो. त्यानं मान हलवली, पुसत राहिला.
नागपूरच्या वाटेवर तिवस्याच्या पुढं रस्ता सरळ आहे. मागच्या वर्षी तिथली खडी मीच उभं राहून दाबून घेतली. सकाळी सातला तिथं चिटपाखरू नसतं.