साठीच्या सुऱ्या

३ मार्च, सोमवार

लोहाराकडे जाऊन आलो. सुऱ्या तयार! एकेक हातात घेऊन बघितली – मूठ, पातं, तोल. लोहार म्हणाला, "मालक, साठीला लोक भेटवस्तू घेतात. तुम्ही वाटत सुटलात!" म्हटलं, मला कोण काय देणार? घड्याळं आणि फुलदाण्या. ठेवायला जागा नाही.

सुरी द्यायची म्हणजे आधी माणसाचा हात बघावा लागतो. गेले काही महिने मी भेटेल त्याचा हात हातात घेऊन जरा जास्तच वेळ धरतोय. लोकांना वाटतं, साठी जवळ आली, माणूस हळवा झाला! मी आपला माप घेतोय. थोरल्या बहिणीची बोटं सांध्यांत दुखतात, तिची मूठ जाड. डॉक्टर मित्र निवृत्त झाल्यापासून सफरचंदाशिवाय काही कापत नाही, त्याला चिमुकली. शेजारचा शिंपी डावखुरा, त्याच्या पात्याला धार दुसऱ्या अंगाने.

सगळ्यांत लांब आणि देखणी लेकीची. लोहाराने ती उजेडात धरली. "ही कुणाला?"

"माझ्यामागे खानावळ जिच्या हातात, तिला."

५ मार्च, बुधवार

मीठमास्तरचं काय करावं? मीठमास्तर म्हणजे आमचा मुख्य आचारी. चमच्याचं टोक जिभेला लावतो आणि निकाल देतो, म्हणून हे नाव. खरं नाव तो स्वतःही विसरला असेल.

त्याला सुरी देता येत नाही! आमच्या खानावळीची रीतच तशी आहे. इथे काम शिकून जो स्वतःचं काही थाटायला निघतो, त्याला मी निरोपाची सुरी देतो. म्हणजे – जा, तुझा हात तयार झाला. मी माझ्या पहिल्या मालकाकडून निघालो तेव्हा त्याने मान वर करून बघितलंसुद्धा नव्हतं. म्हणून ही रीत घातली. आता मीठमास्तरच्या हातात सुरी ठेवली, तर तो एप्रन खुंटीला लावून थेट घरी जाईल.

त्याला धार लावायचा दगड घेतला. एक बाजू खरखरीत, एक मऊ.

किती बारीक विचार करतो मी! स्वतःचंच कौतुक वाटलं.

९ मार्च, रविवार

साठ झाली!

दुपारची गिऱ्हाइकं गेल्यावर खानावळ आतून बंद केली. सगळी आपलीच माणसं. मधल्या टेबलावर सुऱ्या मांडल्या. थोरली बहीण आल्या आल्या सुरू – "अरे गाढवा, बहिणीला कुणी सुरी देतं का?" मग तिने मूठ धरली. बोटं मिटली, उघडली, परत मिटली. "दुखलं नाही रे," म्हणाली, आणि नंतर बराच वेळ तिने ती खाली ठेवलीच नाही. डॉक्टर म्हणाला, "जन्मभर माणसं कापली, तू मला फळांवर आणून ठेवलंस!" शिंप्याने माझ्या सदऱ्याचा लोंबणारा दोरा तिथल्या तिथे उडवला. मीठमास्तर दगडावरून अंगठा फिरवत कोपऱ्यात जाऊन बसला. खूश होता.

शेवटी लेक. मी चार शब्द पाठ करून आलो होतो. एकही आठवेना. "घे. तुझी आहे," एवढंच म्हणालो.

भटारखान्याच्या दारात उभी असलेली सगळी मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. मग मीठमास्तरने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी. मला वाटलं, धाकट्या मालकिणीचं स्वागत चाललंय. छाती भरून आली. आणि लेक गळ्यात पडून रडायला लागली –

"बाबा, तुम्हाला कळलं कसं?"

काय कळलं? माझ्या डोक्यात लख्ख अंधार. पण धंद्यात मुरलेला माणूस मी, ठाऊक नाही हे तोंडावर दिसू देत नाही. म्हटलं, "कान आहेत मला!" सगळे हसले. माझे कान गावभर प्रसिद्ध.

"कसं सांगू, कधी सांगू, नुसती घुसमट चालली होती. आणि तुम्ही सुरीच दिलीत! जाऊ ना मी?"

"जा की!" तोंडातून गेलंच.

कुठे चाललीय ही?

१० मार्च, सोमवार

खानावळ बंद. चहा पिताना बायकोने विचारलं, "तुम्हाला काही ठाऊक नव्हतं ना?"

"तुला होतं?"

"नव्हतं. पण मला सगळं कळतं असं मी सांगत फिरत नाही."

मीठमास्तरसाठी एवढी खबरदारी घेतली आणि लेकीच्या वेळी रीत आठवलीच नाही. वाटलं, लेक घरची, तिला कसली आलीय रीत! पण शिकली ती माझ्याच हाताखाली. भांड्यांपासून सुरुवात केली, बोलणी खाल्ली, भाजून घेतलं. मग तिला का नाही लागू? टाळ्या वाजवणाऱ्यांना ते कळलं. मला नाही.

"सांगून टाका तिला," ही म्हणाली. "राहा म्हणून दिली होती, जा म्हणून नाही. एका वाक्याचं काम आहे. ती राहील."

राहील. तोंड वाकडं न करता राहील. मुलगी तशीच आहे. तीच तर पंचाईत.

११ मार्च, मंगळवार

मला जे ठाऊक होतं ते आता काढून घेणं भाग होतं! सकाळी गाजरं सोलायला तिच्या शेजारी बसलो.

"मग, पाण्याचं कसं काय तिकडे?"

"पाणी भरपूर, बाबा. लाँड्रीच होती ना ती."

"हो हो. लाँड्री." मी गाजरावरची नजर उचलली नाही. "सामान रेल्वेने न्यायचं म्हणतेस?"

"छे! शेवटचं स्टेशन ते, हमालसुद्धा मिळत नाही. टेम्पो बघितलाय."

"तेच म्हटलं. आणि गिऱ्हाईक?"

"असं काय करता? समोर इस्पितळ नाही का! रात्रपाळीच्या नर्सा सकाळी उपाशीपोटी घरी जातात. आपण पहाटे उघडायचं. सूप, अंडी, गरम पाव. दुपारी शटर खाली."

साली बादलीत, बातमी माझ्या खिशात! पण खरं सांगायचं तर ऐकता ऐकता मी हरखलो. लाँड्रीची जागा – म्हणजे फरशीला उतार, नळ जाड, पाणी तुंबायचं नाव नाही. हे कळायला मला एक खानावळ बुडवावी लागली होती. हिला आधीच कळलं.

मीठमास्तर पलीकडे कांदे परतत होता. मागाहून हळूच म्हणाला, "मालक, लाँड्रीचं आजच कळलं ना?"

"कांदे बघ, करपतायत."

करपत नव्हते.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर लोक येऊन हात हातात घेतात. "स्वतःच्या मुलीला सुरी दिलीत! केवढं मन!" मी नाही म्हणत नाही.

१४ मार्च, शुक्रवार

एक शंका उरली होती. एकटी की दुकटी? सरळ विचारायची सोय नाही, मला तर सगळं ठाऊक! जेवताना सहज सोडून दिलं, "दोघांना वरची खोली पुरेल ना?"

"दोघं कोण?"

"तू आणि... तुझं सामान."

लेकीला हसता हसता ठसका लागला. तिच्या पाठीवर थापट्या मारता मारता ही म्हणाली, "कान दुखतायत का हो तुमचे?"

कुणी नाही म्हणे. बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

१७ मार्च, सोमवार

सुट्टीचा दिवस म्हणजे घासपूस. लेक आणि मी, दोघंच भटारखान्यात. ती शेगडीच्या खाली हात घालून घासत होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, खरं सांगू? मी जाणार नव्हते."

"म्हणजे?"

"जागा बघून आले होते, सगळं जमत होतं. पण तुम्हाला टाकून कसं जायचं? त्या आठवड्यात जागामालकाला नको म्हणून कळवणारच होते. आणि तुम्ही सुरी दिलीत."

मी फडकं पिळत राहिलो. कोरडंच होतं.

ती उठून समोर आली. कोपरापर्यंत काजळी. "अजूनही सांगा. नको जाऊस म्हणालात तर नाही जाणार. मनात काही ठेवणार नाही, शप्पथ."

वाक्य जिभेवर होतं. तुझ्यासाठीच ठेवली होती गं ही खानावळ – बस्स, एवढंच! ही सगळी कढया-पातेली, तो मीठमास्तर, दारावरची पाटी, सगळं माझ्यामागे कुणाचं?

म्हणालो, "शेगडीची मागची बाजू राहिलीय. तेवढी घास."

"घासते," म्हणाली. नीट बघितलं माझ्याकडे. मग परत खाली वाकली आणि थोड्या वेळाने गुणगुणायला लागली.

या भटारखान्यात मी तिचे किती आवाज ऐकलेत! पातेल्यांवरची आदळआपट, दूधवाल्याशी भांडण, "टेबल नंबर तीन!" म्हणून मारलेली हाक. गाणं नव्हतं ऐकलं. गोड आहे आवाज. सुरात आहे.

लोक माझे कान उगाच नावाजतात.

संध्याकाळी हिने विचारलं, "सांगितलंत?"

"नाही."

 हिने दुधावरची साय आज माझ्या वाटीत घातली. एरवी ती स्वतःच खाते.

२३ मार्च, रविवार

निघायची तयारी जोरात. जाड बुडाचं मोठं पातेलं लेकीला देऊन टाकलं. मीठमास्तर तणतणत आला – "पातेलं कुणाला विचारून दिलंत?"

"मालकाला विचारून."

"मग सूप काय मालकाच्या टोपीत करू?"

म्हटलं, नवं घे, तुला हवं तसं. आणि ऐक, यापुढे भटारखान्याचं सगळं तू बघायचं.

"आजवर कोण बघत होतं?"

चरचरीत बोलला! पण दुपारी बघतो तर मिशीला कंगवा फिरवलेला आणि एप्रन धुतलेला.

थोरल्या बहिणीचा फोन. शेजारणींचे भोपळे चिरून देत फिरतेय म्हणे. "ज्यांना जमत नाही त्या मला हाक मारतात," – काय तो तोरा! मध्यंतरी तिला चमचा धरवत नव्हता. शिंप्याच्या बायकोने सुरी लपवून ठेवलीय, तो दिवसभर दोरेच कापत बसतो म्हणून. डॉक्टरने मात्र हद्द केली – सफरचंदाच्या साली एका सलग पट्टीत काढतो आणि लांबी मोजून मला फोनवर कळवतो!

बरं चाललंय. फार बरं चाललंय.

३० मार्च, रविवार

लेक गेली. सकाळीच टेम्पो लागला. सुरी टॉवेलात गुंडाळून तिने मांडीवर घेतली. "सामानात नको, हाताशी हवी." शिकवलेलं विसरली नाही. निघता निघता मलाच सूचना – मीठमास्तरवर ओरडू नका, गोळ्या वेळेवर घ्या, आईला विचारून कामं करा. टेम्पोवाला हॉर्न वाजवून थकला. मी तिला म्हटलं, पहिल्या दिवशी पाव कमी कर. संपला तर लोक दुसऱ्या दिवशी लवकर येतात, उरला तर आपला जीव जातो. मान डोलावली. टेम्पो वळला.

दुपारी धंदा नेहमीसारखाच. चिरायच्या फळीपाशी तिच्या जागेवर मीठमास्तरने बटाट्यांचं पोतं आणून ठेवलं होतं, दुसऱ्या कुणी तिथे उभं राहू नये म्हणून. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

रात्री तिचा फोन. नळ सुरू केले, पाणी सरळ मोरीत गेलं, कुठेही तुंबलं नाही. "बाबा, तुम्ही बघायला हवं होतं!" मी म्हटलं, ऐकलं ना, तेवढं पुरे. समाधानाने झोप लागली असती, पण ही अंधारात बराच वेळ जागी होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही.

२ एप्रिल, बुधवार

सकाळी उठलो तर दाराशी हिची बॅग.

"लेकीला गल्ल्यावर माणूस हवंय," म्हणाली. "जाते मी."

"आणि इथला गल्ला?"

"तुम्ही बसा."

एवढी वर्षं ही त्या गल्ल्यामागे बसून होती. तिलाही कुठे जावंसं वाटत असेल, हे माझ्या मनाला शिवलं नव्हतं. चेहरा असा उजळलेला, की अडवायचं सुचलंच नाही. बॅग उचलून स्टेशनापर्यंत गेलो. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत चालत विचारलं, "परत कधी?"

"बघू," ही म्हणाली.

हा शब्द आजवर आमच्या घरात फक्त मी वापरत आलो. समोरच्याला तो कसा ऐकू येतो, ते आज कळलं.