शेपटीवर बसलेलं विमान

त्या सकाळी दूध तापवलं, चादरी झटकल्या, यांचं टेबल पुसलं आणि फडकं ठेवून गोंदाची नळी उचलली. यांना जाऊन तेरा महिने झाले होते. लढाऊ जेट विमानाचं मॉडेल अर्धवट पडलं होतं. आतली वैमानिकाची जागा यांनी रंगवून ठेवलेली, धडाच्या दोन फाका सुट्या. मी त्या चिकटवल्या.

माझं वय एकाहत्तर. डोकं ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. माझ्यामागे काय कोणाला जावं, ते स्वहस्ते लिहिते.

१. घर आणि बँकेतली ठेव मुलीला. घर खुशाल विकावं. पुस्तकं रद्दीत घालू नयेत. माझी शाळा चौथीत सुटली, पुढचं या पुस्तकांनीच शिकवलं.

२. शिवणयंत्र शेजारणीला. न विचारता ती दोनदा घेऊन गेलीच आहे.

३. यांचे चिमटे, कानशी, ब्रश धाकट्या दिरांना. दोघं भाऊ विमानांच्या एकाच वर्कशॉपात होते. यांच्या आजारपणात दीर एकदाही फिरकले नाहीत, हे मी विसरलेले नाही. तरी हत्यार वापरत्या हातात जावं.

४. विमान. चाकांवर ठेवलं तर नाक वर करून शेपटीवर बसलं. चिकटवण्याआधी नाकात वजन घालायचं असतं. सूचनेच्या कागदामागे तसं छापलं होतं. मी कागद उलटलाच नाही. नाइलाजाने दिरांना बोलावलं.

"वहिनी, हे तर जेवून सुस्तावलंय!"

"हसा. उपाय सांगा, भाऊजी."

"नाक कापावं लागेल. आतलं दादाचं रंगकाम तडकेल मात्र."

"मग नको."

"शेपटीखाली काडी टेकवा." मग म्हणाले, "मला त्याला अंथरुणावर बघवलं नसतं, वहिनी."

"मला बघवत होतं?"

ते चहा तसाच ठेवून गेले.

विमानाचं नाक कोणी कापू नये. मुलगी म्हणते, खोक्यात घाल, नंतर बघू. ते 'नंतर' मला कळतं. दिरांना द्यावं तर राग आडवा येतो. म्हणून इथे नाव न लिहिता जागा सोडते.

वरील मजकूर वाचून, आम्हा दोघांदेखत सही केली.
साक्षीदार: डॉक्टरीणबाई (सही), वाचनालयाचे ग्रंथपाल (सही)
लिहून ठेवणारी: (सही)
ठिकाण: राहतं घर, स्वयंपाकघर. गुरुवार, तारीख अठरा.

पुरवणी: कलम चार रद्द समजावं. दुसऱ्या दिवशी मी विमान कापसात गुंडाळलं, बसने भाऊजींच्या घरी गेले आणि ते त्यांच्या हातात दिलं.