कोमट पाण्यासाठी सात मिलिमीटर

३ जानेवारी

नवी वही. लिफ्ट-तपासणीच्या नोंदी ऑफिसच्या रजिस्टरात. ही वही फक्त माझी.

निमित्त: मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी समुद्राखाली जाणार आहे.

पुलांची डिझाइनं करायची चांगली नोकरी दोन वर्षांपूर्वी सोडून मुलगी एका बेटावर जाऊन राहिली. तिथे ती लोकांना बुडायला शिकवते. त्याला डायव्हिंग म्हणतात. नाव बदलल्याने वस्तुस्थिती बदलत नाही. तेव्हापासून आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं. बरी आहेस ना? आहे. आईला देतो.

काल मात्र मी फोन द्यायच्या आत ती म्हणाली, "बाबा, एकदा या. माझ्याबरोबर खाली चला. मी काय करते ते डोळ्यांनी बघा, मग काय बोलायचं ते बोला." मी म्हणालो, येतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की मी येतो म्हणालो.

नोंद असावी म्हणून लिहितो: मी घाबरत नाही. तेवीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यात उतरतोय, डोक्यावर अर्ध्या टनाची केबिन लटकत असताना. मला पोहताही येतं. पाय टेकत असतील तर उत्तमच येतं.

धोका माणसात नसतो, सामानात असतो. सामान चोख घेतलं की प्रश्न मिटला.

६ जानेवारी

डायव्हिंगच्या दुकानात गेलो. भिंतीला रबरी सूट टांगलेले. आत शिरताना वाटतं, आधीचे गिऱ्हाईक सुकत घातलेत. दुकानवाल्या बाई साठीच्या, बारीक कापलेले केस. तीस वर्षं पाण्याखाली वेल्डिंग केलंय म्हणे. डाव्या कानाने कमी ऐकू येतं. (कारण विचारलं नाही.)

त्यांचं म्हणणं, पहिलीच वेळ आणि गरम पाणी, तर फक्त मास्क घ्या. बाकी सगळं तिथे भाड्याने मिळेल. मास्क तेवढा स्वतःचा हवा, कारण चेहरा स्वतःचा असतो.

मी विचारलं, श्वास घ्यायचं ते यंत्र खाली गेल्यावर बिघडलं तर? म्हणाल्या, दुसरं असतं. तेही बिघडलं तर? जोडीदाराचं असतं. जोडीदाराचंही बिघडलं तर? त्या म्हणाल्या, "साहेब, आपण काम काय करता?"

मास्कची परीक्षा अशी: पट्टा न लावता तोंडावर धरायचा, नाकाने श्वास ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर तो आपला. अकरा मास्क लावले. अकराही पडले. बाईंनी माझ्या मिशीकडे बोट दाखवलं. फटीतून हवा येते, काढली तर पहिलाच बसेल.

मिशी तीस वर्षांची आहे. मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. मास्कच्या कारखान्यांनी अजून बरंच शिकायचंय.

७ जानेवारी

संकल्प: रोज सकाळी श्वास रोखण्याचा सराव. आज एकोणीस सेकंद. बायको मध्येच बोलली म्हणून.

८ जानेवारी

सतरा. बायको घरात नव्हती.

९ जानेवारी

वाचनात आलं की डायव्हिंगमध्ये श्वास रोखायचाच नसतो. रोखला तर उलट फुप्फुसाला इजा होते. थोडक्यात माझी प्रगती योग्य दिशेने चालली होती. सराव बंद.

१४ जानेवारी

सूट घेतला. बाई पातळ, अर्ध्या बाह्यांचा दाखवत होत्या. तिथलं पाणी एकोणतीस डिग्री आहे, काही जण नुसता शर्ट घालून उतरतात, म्हणाल्या. मी सात मिलिमीटर जाडीचा निवडला. शिवाय टोपडं आणि हातमोजे. बाई म्हणाल्या, हा बर्फाखाली जाणाऱ्यांचा आहे. मी म्हणालो, जाड ते जाडच. मग त्यांनी सांगितलं की जाड सूट फार तरंगतो, म्हणून कमरेला जास्त शिसं बांधावं लागतं.

म्हणजे बुडू नये म्हणून सूट घ्यायचा आणि तो बुडावा म्हणून शिसं बांधायचं. या धंद्यात कुणाला तरी एकदा शांतपणे विचार करायची गरज आहे.

पायात घालायचे रबरी पंख, म्हणजे फिन्सही घेतले. इथे मात्र बाईंचं ऐकलं, प्रवासाला हलके, अनवाणी घालायचे. घरी कळलं की माझा उजवा पाय डाव्यापेक्षा मोठा आहे. बावन्न वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

१५ जानेवारी, सकाळी ११.००

बायको हॉस्पिटलात ड्युटीवर. सूट घालून बघायला वेळ उत्तम.

११.४०

पाय गेले. उजवा हात अर्धा गेलाय. हे डाव्या हाताने लिहितोय.

१२.१५

दोन्ही हात गेले. पाठीची चेन दाराच्या हँडलला दोरी बांधून वर ओढली, ही युक्ती माझी. आता मान वळत नाही. दोरी सुटली, चेन मात्र खाली येत नाही. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त संगीतशिक्षिका बेल वाजवून गेल्या. उघडलं नाही. हातमोजे घातल्यावर लॅच फिरत नाही.

दुपारी ३.००

दीड वाजता बायको आपल्या किल्लीने उघडून आत आली. हसली नाही. बाथरूमच्या स्टुलावर बसली आणि मग हसली. आत पाणी गेलं की सूट सैल होतो, म्हणून मला सूटसकट शॉवरखाली उभं केलं. गळ्यातून गार पाणी आत शिरलं तेव्हा मी ओरडलो. पाणी अनपेक्षित होतं.

ही म्हणते, ओरडताना मी मुलीला हाक मारली. शॉवरच्या आवाजात हिला नीट ऐकू आलं नसणार.

२१ जानेवारी

डायव्हिंगसाठी डॉक्टरची सही लागते. आमच्या डॉक्टरांना मुद्दाम सगळं सविस्तर सांगितलं: लहानपणीचा खोकला, वडिलांचा रक्तदाब, मला जिन्यावर कधीकधी येणारी धाप. डॉक्टरांनी सगळं तपासलं आणि फॉर्मवर सही करून म्हणाले, "ठणठणीत आहात!" असा निष्काळजीपणा अपेक्षित नव्हता.

२३ जानेवारी

कानाच्या तज्ज्ञाकडे गेलो. त्याने आत बघून आपल्या सहकाऱ्यालाही बोलावलं. मला आशा वाटली. तो त्याला म्हणाला, बघ, कान असा असावा.

३० जानेवारी

एक किरकोळ गोष्ट. बाजारपेठेतल्या सहा मजली इमारतीच्या लिफ्टची तपासणी होती. खड्ड्यात झिरपलेलं पाणी, चार बोटं असेल. शिडीच्या शेवटच्या पायरीवर मी उभा राहिलो. टॉर्च मारला. पाणी काळं दिसलं. माझा मदतनीस, निवृत्तीला आठ महिने उरलेला माणूस, वरून विचारू लागला, साहेब, काय झालं? पायऱ्या घट्ट धरून मी उभाच. शेवटी वर आलो आणि त्याला खाली पाठवलं.

बूट नवे होते.

२ फेब्रुवारी

संकल्प: पोहण्याच्या तलावावर दर रविवारी मास्क-स्नॉर्केलसह सराव. (बारावा मास्क घेतला. मिशीला व्हॅसलिन लावलं की जवळजवळ गळत नाही.)

आज उथळ बाजूला उतरलो. तिथे आज्यांचा पाण्यातल्या व्यायामाचा वर्ग चालू होता. तोंड पाण्यात घातलं. नळीतून श्वास घेतला, पण नाकानेही घेतला. मास्क आत ओढला गेला आणि मग पाणी आलं. नाकातोंडात पाणी. मी कशाला तरी धरलं. ती वर्गातली एक आजी होती. त्यांनी मला दंडाला धरून काठावर नेलं आणि पाठ थोपटली. म्हणाल्या, "होतं हो असं. तुमच्यासारखी लहान मुलंच जास्त घाबरतात."

दोष स्नॉर्केलचा. त्याची नळी पाण्याच्या बाजूला वाकलेली आहे.

९ फेब्रुवारी

तलावावर गेलो नाही. ढग होते.

१६ फेब्रुवारी

ढग नव्हते, पण येतील असं वाटत होतं.

१९ फेब्रुवारी

बायकोने आज सहज विचारलं, रोज सकाळी चहाच्या आधी मोबाइलवर काय बघता? मी म्हणालो, बातम्या. तिने माझा मोबाइल उचलला. बेटावरचं हवामान. वारा, लाटांची उंची, भरतीची वेळ. किती दिवसांपासून, विचारलं. मी म्हणालो, नुकतंच, प्रवासासाठी. ती म्हणाली, "अहो, दोन वर्षं झाली. ज्या दिवशी वारा जास्त असतो त्या दिवशी तुम्ही टोस्ट अर्धा टाकता. मला न बघताच कळतं."

सामान्य ज्ञान वाढवणं हा गुन्हा नाही.

२६ फेब्रुवारी

सामान भरलं. माझी बॅग एकतीस किलो. सूट, टोपडं, हातमोजे, फिन्स, दोन मास्क, तीन शिट्ट्या, पाण्यातला टॉर्च, त्याचा राखीव टॉर्च. बायकोची बॅग सहा किलो. तिने एक मास्क तेवढा घेतलाय. कधी गेली दुकानात? म्हणाली, मंगळवारी ड्युटीवरून येताना. पहिलाच बसला.

तीही उतरणार आहे, हे मला आज कळलं. मी म्हणालो, नीट विचार कर. ती म्हणाली, मी महिन्यापूर्वीच केला, आणि इस्त्री करू लागली.

२ मार्च, बेटावर

बोटीतून उतरलो. मुलगी धक्क्यावर उभी होती. काळवंडली आहे, खांदे रुंद झालेत. मी ओळखायच्या आत तिने बॅग उचलली आणि तशीच खाली ठेवली. "बाबा, किती महिन्यांसाठी आलात?"

दुपारी तिच्या खोलीवर बॅग उघडली. खोली लहान, स्वच्छ. दोरीवर टॉवेल, कोपऱ्यात हवेची टाकी. माझा सूट बाहेर काढून तिने पलंगावर पसरला. तो पलंगापेक्षा जाड दिसत होता. टोपडं तिने उलटंसुलटं करून बघितलं. वाटलं, आता हसेल. हसली नाही. हळूच म्हणाली, "एवढी भीती वाटते तुम्हाला?"

मी म्हणणार होतो, भीतीचा प्रश्नच नाही, ही पूर्वतयारी आहे. तोंडातून आलं, "माझी नाही गं. तुझी."

बायको उठून चहा करायला गेली. चहा नुकताच झाला होता.

मुलगी खाली बसली. म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला माझी लाज वाटते. पूल सोडून आले म्हणून." मी म्हणालो, छे. "मग दोन वर्षांत हे एकदा तरी फोनवर सांगायचंत." मी म्हणालो, रेंज नसते.

ती म्हणाली, "बाबा, नाही उतरलात तरी चालेल. आलात, पुष्कळ झालं."

ही माझी सुटका होती. डॉक्टर देईना, कान देईना, ती मुलीने दिली. मी म्हणालो, उद्या सकाळी नऊ.

३ मार्च, सकाळी ६.३०

मिशी काढली. पाच मिनिटं लागली. आरशात माझे धाकटे काका उभे होते.

ओठावर दोन ठिकाणी कापलं. रेझरचा गार्ड सैल आहे.

दुपारी १.००

घडलं तसं लिहितो.

सात मिलिमीटर खोलीवरच राहिला. तिने तिथलाच एक पातळ शर्ट दिला. पाणी खरोखर कोमट होतं. कमरेएवढ्या पाण्यात उभं करून तिने मला टाकी चढवली, पट्टे ओढले, प्रत्येक पट्ट्याला दोनदा हात लावून बघितला. मी लिफ्टचे दोर बघतो तसा. मग गुडघ्यांवर बसायला सांगितलं.

डोकं पाण्याखाली गेलं. आवाज बंद झाले, फक्त माझा श्वास, लोहाराच्या भात्यासारखा. मास्कमध्ये थोडं पाणी आलं. थोडंच. मला वाटलं, संपलं. मी हात मारले, तिची श्वासाची नळी धरली आणि ओढली. उभं राहिलं की डोकं बाहेर येतं, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

तिने नळी सोडवून घेतली नाही. ती माझ्या समोर आली, अगदी जवळ, आणि दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली: इकडे बघा. मी बघितलं. तिने तळहात हळूच वर नेला: आत. खाली आणला: बाहेर. पुन्हा वर. पुन्हा खाली. तिच्या डोळ्यांत घाई नव्हती. हे डोळे मी बालवाडीच्या दारात रडताना पाहिलेत.

किती वेळ गेला माहीत नाही. मग माझा श्वास तिच्या हाताबरोबर चालू लागला. वाळू दिसली. माझे गुडघे दिसले. ती काय करते ते मी बघितलं.

बाहेर आल्यावर डोळे पुसले. तिला वाटलं, पाणी गेलं.

४ मार्च

बायको नऊ मीटर खाली जाऊन आली. कासव पाहिलं. कसं होतं, विचारलं. म्हणाली, छान होतं. आणि केस विंचरू लागली.

६ मार्च

परतीची बोट अकराला. निघताना मुलीने सेंटरची नोंदवही पुढे केली. पाण्यात गेलेल्या प्रत्येकाची नोंद होते, वाचून सही करा, म्हणाली. बायकोच्या नोंदीत नऊ मीटर, एकतीस मिनिटं, कासव, पाकट मासा, पोपटमासे, शेरा उत्तम.

त्याच्या वर माझी, आदल्या दिवशीची: खोली एक मीटर दहा सेंटिमीटर. वेळ सहा मिनिटं. दिसलेले जलचर: काही नाही. शेरा: विद्यार्थ्याने शेवटपर्यंत प्रशिक्षकाचा हात सोडला नाही.

मी म्हणालो, शेवटचं वाक्य गाळता येईल का? तिने सांगितलं, खरी नोंद गाळता येत नाही, बाबा.

दोनदा वाचलं. हरकत घेण्यासारखं काही सापडलं नाही. सही केली.