आठाण्याच्या दोन पुड्या

बाबा, तुमचं आठाण्याचं नाणं घरी परत आलं. तुम्ही गेले त्याले अकरा वर्षं झाली, अन् ते मी माझ्या हातानं तुमच्या मुठीत ठेवलं होतं, म्हणून तुमालेच सांगते.

तुम्हीच सांगून ठेवलं होतं, "माझ्या जन्मसालाचं नाणं माझ्यासंगं जाऊ द्या." कपाटात दोन पुड्या होत्या. एकीवर तुमच्या अक्षरात 'बाबा', दुसरीवर 'बेटी'. त्या दिवशी तुमची पुडी उघडली, नाणं ठेवलं, तुमची बोटं मिटली. अशा वेळी साल कोण पाहते? तिसऱ्या दिवशी शिवनाथ नदीच्या काठावर राख चाळली, नाणं सापडलं नाही. आई म्हणाली, "बरं झालं, त्यायनं नेलं."

परवा माझी पुडी पोरानं एका कंपनीकडून तपासून आणली. ते लोक नाण्याचा दर्जा ठरवतात, लेबल लावतात अन् प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून देतात. लेबलावर तुमचं जन्मसाल होतं. पोरगा म्हणे, "मम्मी, लेबल गलत है. होता है इनसे. वापस भेज देते हैं." मीही हसली. मंग तुमचं भिंग घेऊन खिडकीशी गेली. नाण्यावरही तेच साल आहे. लेबल बरोबर आहे, बाबा.

आई आतून विचारते, "काय पाहून राहिली एवढं?" मी सांगते, लेबल चुकलं. तिले दुसरं काय सांगू? तुमच्या तिरडीवर माझा रुमाल राहिला होता, तर तिनं तो ओढून काढला. म्हणे, "जित्या माणसाची वस्तू तिकडं जाऊ नये. मंग ते बोलावतात."

नाण्यावरचं साल पाहिलं तेव्हापासून सकाळी उठते तर माझी उजवी मूठ घट्ट मिटलेली असते. डाव्या हातानं एकेक बोट सोडवा लागते. आत काही नसते, पण तळवा गरम असते. मले भेव लागून राहिलं, बाबा. तुमचं भेव वाटेल असं कधी वाटलं नव्हतं.

प्लांटच्या लॅबमध्ये तुम्ही जन्मभर लोखंडाच्या नमुन्यायले चिठ्ठ्या बांधल्या. एक चिठ्ठी चुकली की सगळा माल चुकीच्या गाडीत जाते, हे मी पाळण्यात असल्यापासून ऐकलं. नऊ वर्षांची असताना दोन्ही नाणी काढून खेळत होती, तर केवढे रागावले तुम्ही. "चिठ्ठी पाहून पुडी भरू नको. आधी वस्तू पाह." हातात भिंग दिलं अन् ड्युटीवर निघाले. सायकलवर बसता बसता विचारलं, "साल पाहून भरली ना?"

हे कागद धाडायचे कुठं? डबीखाली ठेवून देते. मी तेव्हा हो म्हटलं होतं. पाहिलं नव्हतं, बाबा. मी त्या भिंगानं उन्हात कागद जाळत बसली होती.