नव्या मुलांचा आधार

४ सप्टेंबर
आजपासून मी 'बडी'. म्हणजे माझ्यासारखं घर सोडून या परक्या देशात नव्याने आलेल्या मुलांना मानसिक आधार देणारा सीनिअर. कॉलेजच्या समुपदेशक बाईंनी विचारलं, तुला स्वतःला इथे रुळायला जड गेलं का? म्हटलं, छे. गेलं वर्षभर खोलीबाहेर फारसा पडलो नाही खरा, पण तो स्वभाव झाला.

७ सप्टेंबर
माझ्या वाट्याला आपल्याच भाषेचा एक ज्युनिअर आलाय. सतत हसतो. आतून पार खचलेला असणार. उद्यापासून कामाला लागतो.

८ सप्टेंबर
पांघरुणातून निघवलं नाही. थंडी फार. उद्या नक्की.

१२ सप्टेंबर
ज्युनिअरला कॅन्टीनमध्ये गाठलं. घरची आठवण येते का, असं हळुवारपणे विचारलं. म्हणाला, येते की, मग फोन करतो. इतकं सरळ उत्तर म्हणजे धोक्याची खूण! त्याला बोलतं करायला माझंच उदाहरण दिलं. फोन ठेवताना आई बाबांना हाक मारून फोन देते, मग ते नुसतंच 'बरं, बरं' म्हणतात, वगैरे. सांगताना डोळ्यांत काहीतरी गेलं. त्याने टिश्यू दिला. पोरगं फारच हळवं आहे.

२० सप्टेंबर
ताईचा फोन. म्हणाली, तुझा आवाज खोल गेलाय, जेवतोस ना नीट? म्हटलं, रेंज नाही. आणि बिस्किटं हेही जेवणच.

२६ सप्टेंबर
ज्युनिअरने फुटबॉलला बोलावलं. बिचारा एकटा पडलाय. गेलो नाही, त्याला स्वावलंबी करायचंय. तर पठ्ठ्या मैदानावरून थेट माझ्या दाराशी. चिखलाच्या बुटांनी. त्याचं मन मोडवेना म्हणून गेलो. मला गोलकीपर केलं. बॉल अंगावर आला की सगळे माझं नाव घेऊन ओरडत होते. सगळ्यांना नाव माहीत आहे, हे नवीनच.

३ ऑक्टोबर
बाईंना प्रगती सांगायला गेलो. म्हटलं, ज्युनिअर आता रोज माझं दार वाजवतो, मला ओढून वर्गात नेतो, जेवायला शेजारी बसवतो. माझ्यावाचून त्याचं पान हलत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अरे, त्याला मीच सांगितलंय, तुझ्याकडे जरा बघत जा म्हणून."

खाली ज्युनिअर उभा होता. त्याला स्पष्ट बजावलं की मला कुणाच्या आधाराची गरज नाही. तो बरं म्हणाला. मग त्यानेच विचारलं, भूक लागलीय का?

लागली होती.