कलकत्त्याची मोटर

दादा,

पंपाचं बटण दाबू नकोस. ती मोटर वर काढायला मी विहिरीत उतरलोय.

कलकत्त्याच्या घरात डी.सी. वीज होती, जयपुरात ए.सी. आहे. बदलीच्या सामानात ती मोटर घेऊ नकोस म्हणालो, तर तू म्हणालास, मोटर ती मोटर. आता ती फिरत नाही, नुसती घुमते, तापते आणि जळका वास सोडते. काल वहिनीला पाइपाचा शॉक बसला. तुला सांगायला ती घाबरते. इथे ए.सी.चीच मोटर घ्यावी लागेल, तिला हिच्यासारखे झिजणारे कार्बनचे ब्रशसुद्धा नसतात.

तू आलास की पुन्हा चालवून बघणारच, म्हणून तू यायच्या आत काढतोय. फ्यूज काढला असता, पण घरमालक मीटरच्या खोलीला कुलूप लावून गावाला गेलेत. वहिनी शेजारी पाणी भरायला गेली आहे.

घरात शिरताच हातपाय धुवायला तू आधी हेच बटण दाबतोस, म्हणून चिठ्ठी त्यावरच चिकटवली आहे. खळ अजून ओली आहे आणि बाहेर आंधी सुटली आहे. चिठ्ठी जमिनीवर सापडली, तर आधी बटण बंद कर आणि मग विहिरीत मला हाक मार.

सदाशिव